सोमवारी पाहू

बाई, तुमच्या खाटेवरची चादर मी अजून बदलली नाही. तुम्ही असत्या तर मला चांगलं झापलं असतं. नियम तुमचाच. माणूस गेला की चादर काढायची, गादी उन्हात टाकायची, आणि दिवे लागायच्या आत खाट पुढच्या माणसासाठी तयार. रडायचं असेल तर चादर काढता काढता रडून घ्या, म्हणायच्या. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या चादरी काढत आले, हात कधी थांबला नाही. तुमची काढायला गेले आणि उशीखाली तुमचा चष्मा सापडला. तो तसाच परत ठेवला आणि बाहेर आले. झाडूपोछावाली सखू म्हणाली, द्या, मी करते. तिलाही करू दिलं नाही.

त्या खाटेकडे पाठ करून हे लिहायला बसले आहे. भांडायला बसले आहे म्हणा ना. तुम्ही होत्या तेव्हा तुम्ही मधेच उठून कोणाला तरी पाणी पाजायला जायच्या आणि भांडण अर्धंच राहायचं. आता कुठं जाल?

परवा व्हरांड्यात शोकसभा झाली. आपले वकीलसाहेब, ट्रस्टचे अध्यक्ष, ते बोलले. तुम्हाला सेवेची मूर्ती म्हणाले, करुणेचा सागर म्हणाले. ‘हे कोनाबद्दल बोलून राहिले वं?’ असं म्हणून तुम्ही मला कोपर मारलं असतं. सरकारी दवाखान्यातली नर्सची नोकरी संपल्यावर तुम्ही नागपुरात धंतोलीच्या मागच्या गल्लीत हा जुना बंगला कसा मिळवला, दवाखान्यांनी हात टेकलेल्या माणसांना शेवटचे दिवस काढायला जागा कशी करून दिली, सगळं त्यांनी सांगितलं. तुम्ही किती खोटं बोलायच्या, तेवढं राहिलं.

रोज बोलायच्या. सकाळी पहिल्या खाटेपासून सुरुवात. आपल्याकडे येणारं प्रत्येक माणूस एकच विचारतं, घरी कधी जायचं. चंद्रपूरचं असो, भंडाऱ्याचं असो, प्रश्न तोच. आणि तुमचं उत्तर तेच. ‘सोमवारी पाहू. सोमवारी डॉक्टर येतात नं, त्याइले विचारू.’ डॉक्टर सोमवारी येत, ते खरं. पण कोणाला घरी पाठवायचं ते त्यांच्या हातात नव्हतं, आणि ते तुम्हालाही माहीत होतं. सोमवारी डॉक्टर नाडी पाहत, दुखण्याचं औषध वाढवून देत, आणि जात. मंगळवारी माणूस पुन्हा विचारी, आणि तुम्ही पुन्हा, जशा काही पहिल्यांदाच सांगताय अशा तोंडानं, ‘येत्या सोमवारी पाहू.’

मी आले तेव्हा मला हे सहनच झालं नाही. मी सुइणीचं शिक्षण घेतलेली. बाळंतपणाच्या दवाखान्यात जागा निघेपर्यंत महिना-दोन महिने कुठं तरी काम करावं म्हणून तुमच्या फाटकात उभी राहिले होते. तुम्ही मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, डबा आणला का. मी आणला म्हटलं. तुम्ही तो उघडून माझी अर्धी भाकर खाल्ली, ठेचा फार तिखट आहे म्हणून कुरकुर केली, आणि म्हणाल्या, चाल, पहिल्या खाटेवरच्या बाबाले पालटू. तीच माझी मुलाखत.

आमच्या घरी छप्पन सालापासून बुद्धाची तसबीर. मी तेव्हा लहान होते, बाबांचं बोट धरून दीक्षेला गेलेली. बाबा गिरणीतून थकून आले तरी आम्हा भावंडांना बसवून पंचशील म्हणून घ्यायचे, आणि चौथ्या शीलाशी थांबायचे. खोटं बोलायचं नाही. आमच्या आजोबा-पणजोबांना लोकांनी खोटं सांगून सांगून खाली ठेवलं, म्हणायचे, आपण कोणाला खोटं सांगायचं नाही. ते माझ्या हाडात आहे. म्हणून दुसऱ्या का तिसऱ्या दिवशीच मी तुम्हाला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं की मी सोमवार म्हणणार नाही. तुम्ही मला काढून टाकाल असं वाटलं होतं.

तुम्ही डाळीला फोडणी देत होत्या. म्हणाल्या, ‘तू तुयं शील पाळ. सोमवार मी पाहून घेतो.’

आणि खरंच तुम्ही माझ्यावर कधी जबरदस्ती केली नाही. मला कोणी विचारलं की मी म्हणायची, मोठ्या बाईंना विचारा. मोठ्या बाई तुम्ही, लहान बाई मी. असं काम वाटलं गेलं, आणि त्या वाटणीतच मी सापडले. पण ते मला फार उशिरा कळलं.

सोमवार तुम्ही कुठंही लावायच्या. एकदा एका रोग्याचा पुतण्या आला, चांगला इस्त्रीचा शर्ट घातलेला. माठाकडे पाहून आवाज खाली करून विचारता झाला की पाणी कोण भरतं. मी तिथंच उभी होते. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. तुम्ही शांतपणे म्हणाल्या की पाणी ही कमल भरते, सगळे तेच पितात, मी पण तेच पिते, आणि यावर काही म्हणणं असेल तर सोमवारी डॉक्टर येतात, त्याइले विचारा. सोमवारी तो काही आला नाही. त्या दिवशी मला तुमच्या सोमवाराचा पहिल्यांदा राग नाही आला.

पण रामटेककडच्या सीतारामजींचं मी विसरू शकत नाही. धान पिकवणारा माणूस, पोटाच्या दुखण्यानं वाळून काडी झालेला. रोज विचारायचा, रोज तुम्ही सांगायच्या. एका शुक्रवारी त्याचा मुलगा गुलाब भेटायला आला, आणि नेमका तेव्हाच म्हाताऱ्यानं विचारलं. तुम्ही म्हणाल्या, सोमवारी पाहू. गुलाबनं मान हलवली आणि पुढच्या एसटीनं गावाला गेला. आपल्या घरची भाषा त्याला काय माहीत? सोमवारी पहाटे म्हातारा गेला. गावाला निरोप द्यायला माणूस पाठवायची आपली धावपळ चालली होती, आणि सकाळी फाटकात बैलगाडी उभी. गाडीत तणस अंथरलेली, तिच्यावर धुतलेली वाकळ, उशाला उशी. बैलांच्या तोंडाला फेस आलेला. एसटीत बाबाला हादरे बसतील म्हणून तो पोरगा तितक्या लांबून गाडी हाकत आला होता.

‘सोमवार आहे नं बाई आज. बाबाले न्याले आलो.’

मी तुमच्या तोंडाकडे पाहिलं. तुम्ही पायऱ्या उतरून गेल्या, त्याचा हात धरला, आणि त्याला सांगितलं. एका वाक्यात, काही न लपवता. मग त्याच तणसीवर, त्याच वाकळीवर आपण सीतारामजींना निजवलं, आणि तुम्ही पायात चपला घालून गाडीत चढून बसल्या. मी म्हटलं, बाई, अहो ऊन किती आहे. तुम्ही पदर डोक्यावर घेतला आणि गुलाबला म्हणाल्या, हाक. दुसऱ्या दिवशी परत आल्या तेव्हा तुमचा चेहरा काळवंडला होता, ओठ फुटले होते. मला वाटलं, झालं, आता सोमवार संपला. तुम्ही तोंड धुतलं, पहिल्या खाटेशी गेल्या, आणि मी व्हरांड्यात उभी राहून ऐकलं, ‘सोमवारी पाहू.’

त्या दिवशी मी तुम्हाला फार बोलले. माणसाला आपलं मरण माहीत असायला नको का, म्हणाले. तुम्ही कोण लपवणाऱ्या, म्हणाले. तुम्ही ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाल्या, ‘माहीत असतेच वं. माहीत असनं येगळं, अन् दुसऱ्याच्या तोंडून आयकनं येगळं.’ आणि त्यानंतर एक बदल केला. घरच्या माणसांना फाटकाबाहेर नेऊन, नेमकं काय आहे ते सांगायचं. फाटकाच्या आत सोमवार, फाटकाच्या बाहेर खरं. मला तुम्ही कधी म्हटलं नाही की कमल, तुझं बरोबर होतं. पण फाटकाबाहेर उभं राहून सांगायचं काम माझ्याकडे दिलं.

मग ते शाळामास्तर आले. त्यांनी तुम्हाला एकदाही विचारलं नाही. मीच अंग पुसत होते, तर माझ्या डोळ्यात पाहून म्हणाले, लहान बाई, मी बरा होणार नाही ना. मी म्हटलं, नाही मास्तर. त्यांनी डोळे मिटले आणि मग अमरावतीच्या भावाला बोलवायला सांगितलं. शेतीवरून दोघं बोलत नव्हते. भाऊ आला, खाटेशी बसला, आणि दोघं म्हातारे लहानपणीच्या कुठल्याशा आंब्याच्या झाडावरून पुन्हा भांडले आणि हसले. मास्तर गेले तेव्हा भावाच्या मांडीवर डोकं होतं. मी जिंकले, असं मला वाटलं. धावत तुमच्याकडे आले. पाहा, म्हटलं, खरं सांगितल्यानं काय होतं ते.

तुम्ही खुश झाल्या, अगदी मनापासून. आणि मग फास टाकला. ‘ज्याले खरं पाह्यजे तो बरोबर तुले इचारते. ज्याले सोमवार पाह्यजे तो मले इचारते. म्हनून तं दोघी पाह्यजे इथं.’

मी तुमच्याशी जितकी भांडले तितकी इथं पक्की होत गेले, बाई. तुमच्या विरुद्ध बोलणं हीच माझी इथली नोकरी झाली. आता सांगा, अशा जागेवरून माणूस राजीनामा कसा देतो?

मी प्रयत्न केला नाही असं नाही. माझं मन बाळंतपणाच्या दवाखान्यात होतं, हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला जाणाऱ्याचा श्वास मोजायचा नव्हता. मला येणाऱ्याचं रडू ऐकायचं होतं. त्यासाठी मी शिकले होते. आपल्याच गल्लीच्या टोकाला डॉक्टरीणबाईंचं प्रसूतिगृह, त्यांनी मला कितीदा बोलावलं. संध्याकाळी वारा तिकडून असला की बाळ रडल्याचं इथं ऐकू यायचं, आणि मी हातातलं भांडं तसंच धरून उभी राहायची. तुम्ही पाहायच्या ते. मी म्हणायची, बाई, मला जायचं आहे, दुसरं कोणी पाहा. तुम्ही म्हणायच्या, हाव नं, जाशील, काहून नाही जाणार. कधी, म्हटलं की तुम्ही कपाळावर बोट ठेवून विचार केल्यासारखं करायच्या.

‘सोमवारी बोलू.’

पहिल्यांदा मला हसू आलं. दुसऱ्यांदा राग आला. नंतर नंतर मी विचारायची आणि तुम्ही उत्तर द्यायच्या, जसं खाटेवरचे लोक विचारतात आणि तुम्ही देता तसं. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं, तिला दोन मुलं झाली, दोन्ही वेळा मी तिच्याजवळ नव्हते. तिची बाळंतपणं दुसऱ्या सुइणीनं केली. मी इथं कोणाची तरी जीभ ओल्या कापसानं पुसत होते. हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. आता दाखवते. मला त्याचा राग आहे. तुमच्यावर आहे, माझ्यावर आहे, या बंगल्याच्या प्रत्येक भिंतीवर आहे. उन्हाळ्यात खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या बांधून त्यांच्यावर पाणी मारताना मला कितीदा वाटलं आहे की आतले लोक तरी सुटतील, मी काही सुटत नाही.

आणि मग तुम्हीच आजारी पडल्या. डोळे पिवळे झाले तेव्हाच तुम्हाला कळलं होतं. धंतोलीतल्या मोठ्या दवाखान्यात दाखवून आलो. परत येताना सायकलरिक्षात तुम्ही रस्त्यावरच्या संत्र्यांच्या हातगाड्या पाहत होत्या आणि यंदाचा माल किती बारीक आहे यावर बोलत होत्या. घरी आल्यावर सरळ खिडकीजवळच्या खाटेवर जाऊन बसल्या, आणि सखूला म्हणाल्या, माझी पेटी इकडं आण.

मी तुमची कामं करू लागले. सकाळची फेरी मी घ्यायची, आणि लोक मला विचारायचे, आणि मी म्हणायची, मोठ्या बाईंना विचारा. लोक त्या खिडकीकडे मान वळवून पाहायचे. तुम्ही तिथून, पडल्या पडल्या, हात वर करायच्या. आवाज निघत नव्हता, पण ओठ दिसायचे. तोच शब्द.

मग त्या दुपारी तुम्ही मला जवळ बोलावलं आणि विचारलं, ‘सांग कमल. कवा?’

माझी तुम्ही घडवलेली सगळी समज कामाला आली. ज्याला खरं हवं तो मला विचारतो. तुम्ही मलाच विचारलं. मी तुमचा हात हातात घेतला आणि म्हटलं, बाई, आता घरी नाही. आता थोडंच राहिलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलं. ‘बरं,’ म्हणाल्या. डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी गेलं, ते मी पदरानं पुसलं. मला वाटलं, झालं. बोलायचं ते बोलून झालं.

‘आता सोमवार म्हन.’

मी म्हटलं, अहो बाई, आत्ताच तर सांगितलं. तुम्ही म्हणाल्या, ते आयकलं, ते ठेवून घेतलं, आता हे पण दे. मी म्हटलं, तुम्हाला माहीत आहे, मी म्हणत नाही. तुम्ही म्हणाल्या, मले माहीत आहे म्हणून तं मागून राहिली. मरणाऱ्या माणसानं असं मागितल्यावर काय करायचं? मला बाबा आठवले, ते चौथ्या शीलाशी थांबणं आठवलं. आणि समोर तुमचा पिवळा चेहरा, लहान पोरीसारखा हट्टाला पेटलेला. मी म्हटलं, सोमवारी पाहू. माझा आवाज फुटला.

तुम्हाला आवडलं नाही. तुम्ही तशाही अवस्थेत कपाळाला आठी घातली. ‘असं गळा भरून म्हन्ते का कोनी? आयकनाऱ्याले भेव वाटते. पुन्हा म्हन.’

मी पुन्हा म्हटलं. घाई नको, म्हणाल्या. पुन्हा म्हटलं. डोळे खाली नको, माझ्याकडे पाह्य. पुन्हा. हातात काही तरी काम ठेव, पाण्याचा गिलास धर, चादर सारखी कर, म्हणजे आवाज साधा येते. मी चादर सारखी करत करत म्हटलं. शेजारच्या खाटेवरच्या चंद्रभागाबाई कुशीवर होऊन सगळं पाहत होत्या. शेवटी तुम्ही मान हलवली, म्हणजे जमलं. मला वाटलं, बाईंना बरं वाटावं म्हणून हे चाललं आहे. मी इतकी भोळी कशी, बाई?

जाता जाता मी विचारलं, आणि माझं? मला डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बोलावलं आहे, या वेळी शेवटचं, म्हटलं. तुम्ही डोळे मिटलेलेच ठेवले, पण ओठ हसले. ‘तुयं सोमवारी बोलू.’

गुरुवारी तुम्ही गेल्या.

घाटावर उभी होते तेव्हा माझ्या लक्षात आलं की तुम्ही त्या दुपारी काय करत होत्या. तुम्ही मला शिकवत होत्या. मरता मरता शिकवून गेल्या. चिता पेटली आणि मला इतका राग आला की डोळ्यांत पाणीच येईना. सखूनं माझा दंड धरला होता, तिला वाटलं मी पडेन. मी पडणार नव्हते. मला त्या आगीतून तुम्हाला उठवून विचारायचं होतं की काहून? दुसरी कोणी मिळाली नाही का तुम्हाला एवढ्या नागपुरात?

शोकसभा संपल्यावर वकीलसाहेबांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला. विचारलं नाही, दिला. म्हणाले, बाईंनी सांगूनच ठेवलं होतं. डॉक्टरीणबाईंचा निरोप काल आला. महिनाअखेरपर्यंत थांबतील, मग दुसरीला घेतील. मी होकार कळवला. हो बाई, कळवला. पेटी पण बांधली. तुमच्या किल्ल्या वकीलसाहेबांना परत द्यायच्या म्हणून पदराला बांधून ठेवल्या. एवढं सगळं ठरवून आज सकाळची फेरी घ्यायला गेले, शेवटचीच म्हणून.

चंद्रभागाबाई जाग्या होत्या. त्यांचं आता फार दिवसांचं नाही, हे त्यांच्या मुलाला मीच फाटकाबाहेर सांगितलं आहे. त्यांनी माझी बांधलेली पेटी पाहिली असावी, किंवा सखूनं सांगितलं असेल. मी पाणी पाजायला वाकले. त्या मला विचारतील, घरी कधी, आणि मला म्हणावं लागेल, म्हणून मी मन घट्ट करून होते. चादर सारखी करायला हात पण पुढं केला होता.

त्यांनी ते विचारलं नाही. त्या म्हणाल्या, ‘तुमी जाऊन राहिल्या म्हने. कवा जाता?’

हो म्हणता येईना, नाही म्हणता येईना. खरं काय आहे तेच मला माहीत नव्हतं, तर सांगणार काय? खिडकीजवळची तुमची खाट समोरच, न बदललेली. तुम्ही जन्मभर लोकांना फसवलं असं मी म्हणत आले, आणि ती म्हातारी माझ्याकडे पाहत होती, सगळं कळणाऱ्या डोळ्यांनी. कधीच फसली नव्हती ती. कोणीच फसलं नव्हतं बहुतेक.

त्यांनी माझा हात धरला. दुसऱ्या हातानं आपली चादर गुडघ्यावर सारखी केली. आणि गळा न भरता, माझ्या डोळ्यात पाहून, अगदी साध्या आवाजात म्हणाल्या,

‘राहू दे वं माय. सोमवारी पाहू.’

मी बरं म्हटलं.